न मोजलेली उडी

मी बर्फात उताणी पडले होते आणि वरच्या लाउडस्पीकरमधून आवाज आला, "डाव्या बाजूला ट्रॅक गोठलाय. मुलांना थांबवा."

एवढंच. माझं नाव नाही. ती मुलगी बरी आहे का, हेही नाही.

तोंडात बर्फ आणि रक्त होतं. एक स्की पायातून सुटून उतारावरून एकटीच खाली घसरत गेली होती. डाव्या खांद्याशी काहीतरी हललं होतं, जे हलायला नको होतं. कुंपणापलीकडे गावातली माणसं हातात कॉफी घेऊन उभी होती. फावडी घेतलेले दोघे माझ्या बाजूनं पळत वर गेले. त्यांना ट्रॅक नीट करायचा होता. त्यातल्या एकानं मला ओलांडलं. खरंच ओलांडलं, पाय उचलून.

मग डॉक्टरकाका आले. क्लबचे डॉक्टर. आमच्यासारखेच मराठी, मूळचे पुण्याचे. त्यांनी आधी मनोऱ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. थांबवा, अशी खूण. त्यांचा मुलगा नील वर रांगेत उभा होता. तो थांबला याची खात्री झाल्यावर ते माझ्याकडे वाकले आणि मराठीत म्हणाले, "रडू नकोस. तुझं काम झालं."

माझं काम. मी पंधरा वर्षांची होते.

त्या खेळाला स्की जंपिंग म्हणतात. उंच मनोऱ्यावरून बर्फाच्या दोन खाचांतून घसरत यायचं, टोकाला आलं की हवेत झेप घ्यायची आणि जितकं दूर जाता येईल तितकं जाऊन उतारावर उतरायचं. स्पर्धा सुरू होण्याआधी कुणीतरी उडी मारून बघावी लागते. खाचा नीट आहेत का, वारा कसा आहे, उतरायची जागा टणक आहे का. जो बघतो त्याला फोरजंपर म्हणतात. पुढं जाणारा. त्याची उडी मोजत नाहीत. त्याचं नाव पुकारत नाहीत. त्याच्या छातीवर नंबर नसतो. आमच्या गावात हे काम मुलींचं होतं, आणि तेव्हा मुलगी मी एकटीच उरले होते.

मला स्लेजवर घालून खाली आणलं आणि हॉट चॉकलेटच्या स्टॉलशेजारी ठेवलं. अँब्युलन्स तिथंच उभी होती. आईनं ड्रायव्हरला विनवलं. तो म्हणाला, ही स्पर्धकांसाठी आहे, स्पर्धा संपेपर्यंत हलवता येत नाही. मी स्पर्धक नव्हते. बाबांनी मला आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून हॉस्पिटलमध्ये नेलं. प्रत्येक वळणावर मी ओरडत होते. कॉलरबोन मोडलं होतं.

ट्रॅक दुरुस्त झाला. स्पर्धा झाली. नील दुसरा आला.

हे गाव मिनेसोटात आहे. तळं, कागदाचा कारखाना, दोन चर्च आणि शाळेमागं ती टेकडी. बाबा त्या कारखान्यात केमिकल इंजिनियर. मी सहा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इथं आलो. पहिल्याच हिवाळ्यात मी शाळेच्या खिडकीतून बघितलं, पोरं आकाशातून पडत होती आणि मरत नव्हती. घरी येऊन मी आईला सांगितलं, मला ते करायचंय. आई म्हणाली, आधी चालायला शीक बर्फावर.

लहान टेकडीवर मुलं-मुली एकत्र उड्या मारायची. बारा वर्षांची होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग एका हिवाळ्यात मुलांना नंबराची जॅकेटं मिळाली आणि मुलींना सांगितलं, आता तुम्ही सपाटीवरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगला जा, नाहीतर फिगर स्केटिंगला. बाकीच्या गेल्या. मी नाही गेले. आमचा कोच रॉन म्हणाला, तुला हवं तर फोरजंपर हो. मी घरी नाचत आले. मला वाटलं, बढती मिळाली. सगळ्यांच्या आधी मी.

उडीबद्दल एवढंच सांगते. टोक सुटलं की आवाज बंद होतो. वारा तुम्हाला खालून उचलून धरतो. त्या थोड्या वेळात मी कुणाचीही कुणी नव्हते. तेवढ्यासाठी मी सगळं सोसत होते.

डॉक्टरकाका दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर होते. टेकडीवर मराठी बोलणारं आमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. सुरुवातीला ते फार प्रेमानं वागले. आमचं आडनाव 'कर'नं संपतं. आजोबांनी गावाच्या नावावरून लावून घेतलेलं. त्यावरून काही कळत नाही, म्हणून काकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की आम्ही त्यांच्यातले. रॉनच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, ही आमची मुलगी, लक्ष ठेव हिच्यावर. काकू नीलबरोबर मलाही लाडू द्यायच्या.

एका रविवारी आईनं त्यांना चहाला बोलावलं. ती दोन दिवस खपत होती. चिवडा, ओल्या नारळाच्या वड्या, आल्याचा चहा. काका दारात बूट काढून हसत आत आले आणि हॉलमध्ये थबकले. समोर निळ्या कोटातला फोटो होता. खाली बुद्धाची मूर्ती, बाजूला मेणबत्ती. ते बघत राहिले. काकूंच्या हातात तोवर कप गेला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि कप टीपॉयवर ठेवला.

काका म्हणाले, "मला जरा ॲसिडिटी आहे. चहा बंद केलाय."

वड्यांनाही कुणी हात लावला नाही. हवेवर बोलणं झालं, रस्त्यांवर झालं. दहा मिनिटांत ते उठले. आईनं भरलेले कप तसेच उचलून सिंकमध्ये ओतले. एकेक. हळूहळू. बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते, पान उलटत नव्हते.

मी तेरा वर्षांची होते. मला काही कळलं नाही. म्हणजे काहीतरी झालंय हे कळलं, काय झालंय ते नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, भांडी पूस.

पुढच्या शनिवारी टेकडीवर काका रॉनच्या थर्मासच्या झाकणातून काळी कॉफी पीत होते. रॉनचं उष्टं झाकण. त्यांनी मला बघितलं आणि रॉनला म्हणाले, "ती मुलगी आली बघ. तिला पाठव पुढं, ट्रॅक कसाय बघू दे."

ती मुलगी. आमची मुलगी संपली. पुढच्या वर्षी नील मुलांच्या टीममध्ये आला. आता मी त्याच्यासाठी ट्रॅक बघत होते.

माझं हाड जुळलं. काकांनीच जुळवलं. त्या भागात हाडांचा दुसरा डॉक्टर नव्हता. तपासताना त्यांनी बरंच काही विचारलं. झोप येते का, जेवतेस काय, पाळी नियमित येते का. आई शेजारी होती. मी खरं सांगितलं, की सीझनमध्ये पाळी चुकते, दोन-दोन महिने येत नाही. डॉक्टरला खरं सांगायचं असतं, हे आईनंच शिकवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी परत वर चढले. पहिल्या दिवशी मी वर इतका वेळ उभी राहिले की रॉन म्हणाला, उतर खाली. मी उतरले ते हवेतूनच. त्या सीझनमध्ये मला काय झालं होतं माहीत नाही. मी पुढं पुढं उतरत होते. मुलं जिथं उतरायची ती रेघ मी सहज ओलांडायचे. एकदा सरावानंतर रॉननं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, आज तू सगळ्यांच्या पुढं होतीस. मग म्हणाला, "हे मुलांना सांगू नकोस. मोठी स्पर्धा जवळ आलीय, त्यांचा मूड जाईल."

ते मी घरी जेवताना सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला. त्यांनी क्लबला विचारायचं ठरवलं. मागणी साधी होती. हिची उडी मोजा. मुलींचा गट नसेल तर मुलांच्यात उतरवा. शेवटची आली तर आम्ही घरी जाऊ.

क्लबची मीटिंग फायर स्टेशनच्या हॉलमध्ये झाली. घडीच्या खुर्च्या, भिंतीला हेल्मेटं टांगलेली. गावातले सगळे बाप तिथं होते. काही आया. पोरं मागं उभी. बाबा कोट घालून गेले होते. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पण त्या दिवशी ते कागदावर लिहून वाचल्यासारखं बोलले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यात वैद्यकीय प्रश्न आहे, आपले डॉक्टर सांगतील.

काका उठले. ते फार सुंदर बोलतात. त्यांनी सांगितलं की पुरुषाचं शरीर आणि स्त्रीचं शरीर वेगळं असतं. एवढ्या उंचीवरून उतरण्याचा धक्का पोटातल्या अवयवांना बसतो. गर्भाशयाला बसतो. या मुली उद्या आया होणार आहेत, आपण त्यांचं रक्षण करायला हवं. लोक माना डोलवत होते.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला.

"मी हवेत बोलत नाही. मी हिला तपासलंय. हिची पाळी बंद पडलीय."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मागं एक पोरगा हसला, मग दुसरा. माझ्या वर्गातली पोरं. शेजारी बाबा. बाबांसमोर घरात कुणी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. मला वाटलं माझे कपडे काढून मला त्या टेबलावर उभं केलंय. आणि सगळे बघतायत, पण माझ्या काळजीनं.

ज्याला पोरींच्या गर्भाशयाची एवढी काळजी होती, त्यानंच तीन वर्षं मला सगळ्यांच्या आधी त्याच मनोऱ्यावरून सोडलं होतं. मोजलेली उडी गर्भाशयाला लागते. न मोजलेली लागत नाही. हे त्या हॉलमध्ये कुणाला सुचलं नाही. मलाही नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त जमिनीकडे बघत होते.

हात वर झाले. मागणी फेटाळली.

बाहेर पार्किंगमध्ये काका बाबांजवळ आले. आजूबाजूला लोक होते म्हणून हसतमुखानं, मराठीत म्हणाले, "तुम्हा लोकांना सवलतींची सवय असते. इथं मेरिट लागतं."

बाबांनी पाठ फिरवली. गाडीत बसले. किल्ली फिरवली नाही. काचेवर आमच्या श्वासाचं धुकं धरलं. मग ते समोर बघत बोलायला लागले. बाबा नागपूरचं बोलत नाहीत सहसा, त्या दिवशी बोलले.

"माझा आजा तहसीलदाराच्या घोड्यापुढं पळे. दौऱ्यावर साहेब निघाला का यानं पुढं पळायचं. वाटेत काटा असन, खड्डा असन, साप असन, तर आधी याच्या पायाला लागावा. घोड्याला लागू नये."

आई म्हणाली, "जाऊ द्या आता."

"मी म्हणलं, शिकू. म्हणलं, समुद्र ओलांडू. अन् इथं आणून माझ्या पोरीला..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी आजपर्यंत पूर्ण केलेलं नाही. थोड्या वेळानं मागं वळून मला म्हणाले, "स्पर्धेच्या दिवशी जायचं का नाही, तुझं तू ठरव. पण पळायचं नाही."

त्या क्षणी मला सिंकमध्ये ओतलेला चहा कळला. ॲसिडिटी कळली. तुझं काम झालं, हे कळलं. सगळं एकदम कळलं आणि मी सीटवर ताठ बसले. दुःखानं नाही. रागानं. इतका स्वच्छ राग मला पुन्हा कधी आला नाही.

मी गेले.

स्पर्धेला तीन राज्यांतली मुलं आली होती. शाळेचा बँड होता. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं आणि सकाळी ऊन आलं होतं, म्हणजे खाचांत काय झालंय ते सांगता येत नव्हतं. वारा मधूनच बाजूनं येत होता. अशा दिवशी पहिली उडी कुणाला नको असते. मी स्की खांद्यावर टाकून पायऱ्या चढले. वर मुलं नंबर लावून रांगेत उभी होती. त्यांनी मला वाट दिली. नेहमी देतात.

मी बारवर बसले. खाचांच्या वर एक आडवी फळी असते, त्यावर बसून खूण व्हायची वाट बघायची. खाली रॉननं झेंडा टाकला. जा.

मी बसून राहिले.

त्यानं पुन्हा झेंडा वर केला आणि टाकला. मग ओरडला, बुटाचं बाइंडिंग अडकलंय का? मी नाही म्हणून मान हलवली. वर उभ्या असलेल्या स्टार्टरनं विचारलं, घाबरलीस का? मी त्याला इंग्रजीत सांगितलं, "माझं नाव पुकारा. उडी मोजा. मग येते."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्यानं वॉकीटॉकीवर खाली सांगितलं. बँड वाजता वाजता बंद पडला. सगळी माणसं माना वर करून बघायला लागली. माझ्या गावानं मला इतक्या वेळ कधीच बघितलं नव्हतं.

काका स्वतः पायऱ्या चढून आले. धापा टाकत. रॉनला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण माझ्याशी बोलायची भाषा त्यांच्याकडेच होती. ते माझ्या कानाशी वाकले. मुलांना कळू नये म्हणून मराठीत, अगदी हळू म्हणाले, "शेवटी जातीवर गेलीसच."

मी त्यांच्याकडे बघितलं. चष्म्यावर बर्फाचे कण होते.

"हो काका," मी म्हणाले. "जातीवरच गेले."

ती शिवी होती आणि मी ती पांघरून बसले. पिढ्यान् पिढ्या जे ऐकून आमच्या माणसांनी मान खाली घातली, ते ऐकून मी मान वर केली, आणि त्यांच्या हातातलं हत्यार गेलं. मी बघितलं ते जाताना.

त्यांनी मुलांकडे वळून इंग्रजीत विचारलं, कोण जातो आधी? कुणी पुढं आलं नाही. त्यांनी नीलकडे बघितलं. नील म्हणाला, "डॅड, नो वे." दुसऱ्या क्लबच्या कोचनं सांगितलं, टेस्ट न झालेल्या ट्रॅकवर माझी पोरं उतरणार नाहीत. सगळ्यांना ट्रॅक तपासलेला हवा होता, तपासणारीचं नाव कुणाला नको होतं. एक नाव पुकारायला किती वेळ लागतो? त्यांनी ते केलं नाही. त्यांनी वाट बघितली. वारा वाढला. दुपारी लाउडस्पीकरवर जाहीर झालं की हवेमुळं स्पर्धा रद्द.

मी पायऱ्या उतरून खाली आले. माझ्या अंगावर कुणीतरी कॉफी फेकली. गरम नव्हती.

पुढचं गोड नाही. क्लबनं मला काढून टाकलं. शाळेत माझ्या लॉकरवर सॅनिटरी पॅड चिकटवले, लाल रंग लावून. आई ज्या नर्सिंग होममध्ये काम करायची तिथल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. रॉन एकदा दुकानात समोर आला आणि दुसऱ्या बाजूला वळला. बाबांनी मला कधी विचारलं नाही की असं का केलंस. पण त्यांचा ब्लडप्रेशर तेव्हापासून सुरू झाला, तो आजही आहे.

शाळा संपली तशी मी पश्चिमेकडच्या डोंगरात गेले. तिथं मोठी टेकडी होती आणि माझ्यासारख्या हट्टी पोरी होत्या. दिवसा उड्या, संध्याकाळी हॉटेलात भांडी. आम्ही युरोपात व्हॅनमध्ये झोपून उड्या मारल्या. मुलांची स्पर्धा संपून लोक घरी गेले की आमची सुरू व्हायची. एकदा बक्षीस म्हणून आम्हाला शाम्पू दिला. तरी तिथं माझं नाव पुकारलं जायचं. चुकीचं पुकारायचे, पण पुकारायचे. मी मोजली गेले. कित्येक टेकड्यांवर उतरलेली पहिली बाई मी होते.

आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं दार बायकांसाठी उघडलं तेव्हा माझा गुडघा संपला होता. मी ते फिजिओथेरपीच्या खोलीत, पायाला बर्फाची पिशवी बांधून टीव्हीवर बघितलं. माझ्याहून लहान पोरी बारवर बसल्या होत्या. कॉमेंटेटर म्हणाला, या पहिल्या. मी रडले, पण आनंदानं रडले असं कुणी लिहू नये. मी रडले कारण ती जागा माझी होती आणि ती माझ्यापासून काढून घेतली होती. ज्यांनी घेतली त्यांची नावं मला माहीत आहेत.

आता मी मुलींना शिकवते. यावर लिहायचं नव्हतं. पण मागच्या महिन्यात ओहायोतल्या डब्लिनहून एका मुलीचा फोन आला. तिथल्या मराठी लोकांचा कार्यक्रम आहे, ती कमिटीवर आहे. बोलायला गोड. म्हणाली, ताई, तुमची स्टोरी एकदम इन्स्पायरिंग आहे, आम्हाला तुमचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, पंधरा मिनिटं भाषण. मग म्हणाली, शाल कोण देणार माहितेय का? आमचे डॉक्टरकाका. रिटायर होऊन नीलदादाकडे राहतात. तुमचं नाव त्यांनीच सुचवलं.

मी विचारलं, काय म्हणाले ते माझ्याबद्दल?

"ते सगळ्यांना सांगतात, पहिल्यांदा पडली तेव्हा मीच तिला उभं केलं."

मी मग म्हणाले, मी येते. शाल नको. पंधरा मिनिटं पुरणार नाहीत, अर्धा तास द्या. काकांना पहिल्या रांगेत बसवा. आणि काय बोलणार आहे ते तिला फोनवरच सांगितलं. चहापासून पार्किंगपर्यंत. सगळं.

ती मग म्हणाली, "ताई, ते कास्टचं वगैरे नको ना. पॉझिटिव्ह ठेवूया. काकांचं वय झालंय, बीपी आहे त्यांना."

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, की प्रोग्रॅम टाइट झालाय, तुम्हाला पुढच्या वर्षी नक्की बोलावू.

मी पुढच्या वर्षीची वाट बघणार नाही. कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे. मी विमानाचं बुकिंग केलंय आणि प्रेक्षकांतल्या दोन खुर्च्यांचंही. बाबा येतायत. कोट घालून. काका भाषण करतील, नेहमीसारखं सुंदर बोलतील, आणि मग मी उठून उभी राहीन. मला माईक देणार नाहीत हे मला माहीत आहे. मला माईक लागत नाही. त्यांनी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये माझ्याबद्दल जे सांगितलं आणि मनोऱ्यावर माझ्या कानात जे सांगितलं, ते मी तिथं शब्दाला शब्द सांगणार आहे. त्यांचा बीपी वाढेल. वाढू दे.

आधी मराठीत सांगेन. मग, त्यांच्या नातवंडांना कळावं म्हणून, इंग्रजीत.